उपासाची जेवणं

पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. गाव विचारलं नाही, मुलं किती तेही नाही. इथं कॅनडात, मिल्टनमधल्या त्यांच्या घराचं बेसमेंट भाड्यानं मिळेल का, हे बघायला आम्ही नवरा-बायको गेलो होतो. मी ट्रक चालवते हे माझ्या नवऱ्यानं जरा चाचरतच सांगितलं, कारण ते ऐकल्यावर आपल्या लोकांचे चेहरे कसे होतात हे आम्हाला तोवर पाठ झालं होतं. म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि मला विचारलं, "काल कुठं जेवली?"

मला वाटलं, ह्यांचं डोकं ठिकाणावर दिसत नाही.

"ट्रकस्टॉपला," मी म्हणाले.

"कोणत्या? काय जेवली?"

"सडबरीच्या पुढं. सूप आणि टोस्ट."

"विकत का डबा?"

"विकत."

"बरं," म्हणून त्यांनी खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. माझं नावसुद्धा माहीत नसताना माझं जेवण त्यांच्याकडे नोंदलं गेलं होतं. भाडं त्यानंतर दोन मिनिटांत ठरलं, आणि आम्ही राहिलो तोवर ते कधी वाढलं नाही.

सगळे त्यांना काकाच म्हणायचे, म्हणून मीही काका म्हणते. मूळचे नागपूरचे. सत्तरच्या दशकात इकडं आले, जन्मभर वीज कंपनीत इंजिनियर होते. पन्नास वर्षं कॅनडात काढून बोली जशीच्या तशी राहिली होती. ते "करून राहिलो", "सांगून राहिलो" म्हणायचे आणि मी कोल्हापूरची, "काय कराय लागलाय काका" म्हणायचे, आणि माझी मुलगी आम्हा दोघांना इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. आता काका नाहीत. पण मार्च महिना लागला आणि टॅक्सचे कागद टेबलावर आले, की मी स्वतःलाच विचारते, विकत का डबा?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इथं लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला वाटेत विकत घेतलेल्या जेवणाचा खर्च टॅक्समधून वजा करून मिळतो. पावत्या जमवायच्या नसतील तर सरकारनं एका जेवणाला ठरीव रक्कम दिलेली आहे, दिवसाला जास्तीत जास्त तीन जेवणं. गाडी कधी निघाली आणि कधी परत आली याची नोंद तेवढी ठेवावी लागते. पूर्वी या खर्चातला निम्माच भाग धरायचे. मग लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरांसाठी तो दर वर्षी थोडा थोडा वाढवत नेला. काका ते आकडे नातवाचे मार्क सांगावेत तसे सांगायचे. "साठ, पासष्ट, सत्तर, पंच्याहत्तर, ऐंशी." पुढं एका जेवणाचा दरही सतरा डॉलरचा तेवीस झाला. ते कळलं त्या दिवशी काकांनी शेजारच्या इटालियन आजीला जिलेबी नेऊन दिली. तिला बिचारीला वाटलं, ह्यांच्याकडे नातू झाला.

ड्रायव्हरांचे टॅक्स ते फुकट भरून द्यायचे. निवृत्त झाले, पाठोपाठ काकू गेल्या, आणि मग सकाळचे हायवेजवळच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसायला लागले. तिथं एका ड्रायव्हरनं त्यांना कागद दाखवला, त्यात त्यांना चूक सापडली, आणि तिथून जे सुरू झालं ते अठरा वर्षं चाललं. फी म्हणून काही नाही. फक्त आधी त्यांच्याबरोबर वरण-भात आणि झुणका खायचा, मग फॉर्म. त्यांना तेवढंच करता यायचं, आणि झुणका इतका तिखट असायचा की सही करताना डोळ्यांतून पाणी यायचं.

दर जानेवारीत ते अर्थमंत्र्यांना पत्र लिहायचे. पत्रात दर वर्षी एकच मुद्दा. महोदय, माणूस अर्धं जेवू शकत नाही, मग खर्च अर्धा कसा धरता? तिकडून उत्तर यायचं, आपले विचार संबंधितांपर्यंत पोचवले आहेत. ऐंशी टक्के झाल्यावर काका म्हणाले म्हणे, "पोचले बरं का." तरी पत्रं थांबली नाहीत. आता उरलेल्या वीस टक्क्यांसाठी लिहायचे.

बजेटच्या दिवशी तर विचारू नका. सकाळपासून अंगात कडक शर्ट, गळ्यात टाय. टीव्हीसमोर चिवड्याची वाटी, मांडीवर वही. त्या दोन तासांत घरात कोणी शिंकलेलंही चालायचं नाही. संपलं की एकेका ड्रायव्हरला फोन. "तुमच्या जेवणाला हात नाही लावला," एवढंच सांगायचे आणि ठेवायचे. ज्यांना बजेट म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं तेही हुश्श करायचे.

टॅक्स खात्याला ते सासर म्हणायचे. "सासरी खोटं बोलू नये, आणि न विचारलेलं सांगायले जाऊ नये." आमच्या बेसमेंटमध्ये एक बंद पडलेला फ्रिज होता. तो हलवायचा नाही आणि उघडायचा नाही, एवढी एकच अट त्यांनी आम्हाला घातली होती. त्यात सगळ्या ड्रायव्हरांचे कागद असायचे, कारण घराला आग लागली तरी फ्रिजच्या आत जात नाही असं त्यांचं इंजिनियरी मत. वर चालू वर्ष, खाली मागची वर्षं, भाजीच्या खणात मंत्र्यांची पत्रं. ज्याला टॅक्स खात्याची चौकशी लागली असेल त्याची फाइल फ्रीझरमध्ये. माझी मुलगी घरी आलेल्या मैत्रिणींना गंभीरपणे सांगायची, "डोन्ट ओपन दॅट. देअर आर ट्रक ड्रायव्हर्स इन देअर."

मी रस्त्यावर असले की हेच काका तिला सकाळी स्कूलबसपर्यंत पोचवायचे. माझ्या नवऱ्याची नोकरी गेली होती आणि पुढं मिळाली ती शिफ्टची. मी कोल्हापुरात पतसंस्थेत कॅशियर होते, इथं येऊन अठरा चाकी चालवायला शिकले, आणि पाच पाच दिवस घराबाहेर राहायला लागले. त्या काळात घरात एक मोठं माणूस आहे या भरवशावर मी विनिपेगपर्यंत जाऊन आले. या माणसानं आम्हाला या देशात उभं केलं, हे मी सरळ सांगून टाकते. नंतर मी जे बोलले ते सांगायच्या आधी एवढं सांगायला हवं.

प्रामाणिकपणाच्या बाबतीत ते फार कडक, म्हणजे त्रास होईल इतके कडक. ऐंशी टक्के मिळायला सलग चोवीस तास घराबाहेर राहावं लागतं. एकदा मी फ्रेंच भागातल्या लव्हालची फेरी करून तेवीस तास वीस मिनिटांत परत आले. मुलीचा शाळेत कार्यक्रम होता. काकांनी त्या फेरीला पन्नासच टक्के लावले.

"काका, चाळीस मिनिटांनी काय बिघडतंय?"

"वाटेत कॉफी पीत बसली असती तर मिळाले असते. लेकीसाठी पळत आली ना? मग आता रडू नको."

मी रडले नाही, पण दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी दारात झुणक्याचं भांडं आणून ठेवलं, ते मुकाट्यानं खाल्लं.

घरून नेलेला डबा ते वजा करायचे, तेही बरोबरच होतं. डबा काही वाटेत विकत घेतलेला नसतो. "पावती मागत नाहीत म्हणजे त्यांनी विश्वास टाकला आपल्यावर," असं ते म्हणायचे. "विश्वास टाकणाऱ्याले फसवणं लय सोपं असते, म्हणून तर फसवू नये."

दर वर्षी फॉर्म भरायच्या आधी ते उपास विचारायचे. कोणते वार, कोणत्या तिथ्या. मी कौतुकानं सांगायचे. एकादश्या, संकष्टी, श्रावणातले सोमवार, हरितालिका, महाशिवरात्र. ते भिंतीवरच्या कॅलेंडरात खुणा करायचे, आणि भारतातली तिथी इथं एक दिवस अलीकडं येते का तेही तपासायचे. संकष्टीला तर माझी ट्रिप बघून चंद्रोदय काढायचे. "थंडर बेले चंद्र उशिरा उगवते, तिथं असली तर थांबावं लागेल." मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाला देवाधर्माची आवड आहे, चांगलं आहे.

तिसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा फॉर्म नीट वाचला. रस्त्यावरचे दिवस बरोबर होते. जेवणं कमी होती.

"काका, हे कमी कसं आलं?"

"उपास वजा केले."

"वजा? का?"

"उपास म्हणजे जेवली नाही. न जेवलेल्या जेवणाचे पैसे कसे मागायचे? संकष्टीचं चंद्रोदयानंतरचं एक धरलं आहे, बघ."

मी आधीच तोंडाची फटकळ. त्यात चार दिवस गाडी चालवून आलेली. "काका, उपासाला मी काय हवा खाते? सकाळी कॉफी आणि दोन केळी. अकराला दही. दुपारी मोठे फ्राइज. चारला परत फ्राइज. मग खारे दाणे, मग मिल्कशेक. एरवी मी एका सँडविचवर दिवस काढते. उपास असला की भूक लागेल या भीतीनंच सकाळपासून खात असते."

"फ्राइज चालतात उपासाले?"

"बटाटा आहे की."

"तेल कोणतं असते?"

"ते मी विचारत नाही. तुम्हीपण विचारू नका."

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण फराळ म्हणजे जेवण नव्हे," ते म्हणाले. आवाज मात्र आधीसारखा ठाम नव्हता.

तिथं मी थांबायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हणाले, "अठरा वर्षं तुम्ही लोकांच्या तोंडचा घास काढताय, काका. आणि वर त्याला प्रामाणिकपणा म्हणताय."

काका उठले, टॅक्स खात्याचा नंबर लावला, फोन स्पीकरवर टाकला आणि ताठ बसून राहिले. सव्वा तास नुसतं संगीत वाजत होतं. मी दोनदा म्हणाले, राहू द्या, उद्या करा. त्यांनी हातानं गप्प बसवलं. शेवटी एक बाई लाइनवर आली.

"मॅडम, इज अ फास्ट अ मील?" काकांनी विचारलं.

बाईनं प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. मग काकांनी तिला शांतपणे एकादशी समजावून सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या दिवशी ड्रायव्हरनं वाटेत खायला काही विकत घेतलं होतं का?

"येस. पोटॅटोज. बनानाज. वन मिल्कशेक."

मग झालं तर, ती म्हणाली. ड्रायव्हर प्रवासात होती आणि खाणं तिनं विकत घेतलं, एवढंच आम्ही बघतो. काय खाल्लं याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही.

काकांनी तिला ते पुन्हा सांगायला लावलं, पेन्सिलीनं उतरवून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सतराचा तेवीस झाला, मी जिलेबी वाटून राहिलो. आणि तेवढंच जास्त लोकांचं कापून राहिलो."

त्या उन्हाळ्यात त्यांचं घर विकलं गेलेलं होतं. त्यांचा मुलगा लंडनला असतो, आपल्या ऑन्टारिओतल्या लंडनला, आणि ऑगस्टअखेर तो त्यांना घेऊन जाणार होता. काका विसरायला लागले होते. गॅस चालू राहायचा, औषध दोनदा घेतलं जायचं. हे वाढत जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. घर सुटण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. आपण ही चूक विसरून जाऊ आणि लोकांचं नुकसान तसंच राहील, याची मात्र त्यांना धास्ती बसली. डोकं ठीक आहे तोवर हे निस्तरायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

फ्रिज उघडला. उपास सांगणारे अकरा ड्रायव्हर निघाले, मी धरून. मागच्या दहा वर्षांचे फॉर्म दुरुस्त करता येतात. त्याआधीचे येत नाहीत, आणि ते कळल्यावर काका दिवसभर खोलीबाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पंचांगांचा गठ्ठा घेऊन कामाला लागले. एकेकाच्या फेऱ्या, एकेकाच्या तिथ्या, कापलेली जेवणं परत लिहायची. मी घरी असले की शेजारी बसून आकडे वाचून दाखवायचे. मधेच ते थांबायचे आणि विचारायचे, "आपण कोणतं वर्ष करून राहिलो?" मी सांगायचे.

सही मात्र ते प्रत्येकाच्या घरी जाऊन घेणार होते. गाडीचं लायसन त्यांनी परत केलेलं, म्हणून माझ्या सुट्टीच्या दिवशी मीच न्यायचे. ते दारात उभे राहायचे आणि पाठ केलेलं म्हणायचे, "माझ्याकडून चूक झाली. मी तुमचे उपास कापले. इथं सही करा." ब्रॅम्प्टनचा एक गुजराती ड्रायव्हर हात जोडून म्हणाला, "काका, छोड़ो ना. इतने सालों में आपने हमसे एक पैसा लिया है क्या?" काका म्हणाले, "पहले साइन करो." हॅमिल्टनचा एकजण निघाला तो एकादशीला खरंच पाण्याचा थेंब घेत नव्हता, त्याचं काही कापलं जाणं चूक नव्हतंच. काकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

कोणीही रागावलं नाही. त्यानं काकांना जास्तच त्रास झाला. "एखाद्यानं तरी शिव्या द्यायच्या," गाडीत बसल्यावर म्हणाले.

"मी दिल्या की," मी म्हणाले. "काका, मी तसं बोलायला नको होतं."

"काऊन? खरं बोलली."

"खरं बोलले, पण तोडून बोलले."

"तोडून बोलली म्हणून तर डोक्यात शिरलं," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले. मला त्या क्षणी स्वतःचा फार राग आला.

शेवटचं नाव उरलं ते आमच्या आधी त्या बेसमेंटमध्ये राहणाऱ्या ड्रायव्हरचं. तो दोन वर्षांपूर्वी हार्ट ॲटॅकनं गेला होता आणि त्याची बायको लेकीकडे लव्हालला राहायला गेली होती. कागद टपालानं पाठवा, मी सही करून पाठवते, असं ती फोनवर म्हणाली. काका ऐकेनात. "मेलेल्या माणसाची माफी टपालानं मागू का?" ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. मी एक दिवस रजा टाकली आणि सकाळी त्यांना घेऊन निघाले. सहाशे किलोमीटर. वाटेत त्यांनी मला तीनदा विचारलं की आपण कुठं चाललोय, आणि तिन्ही वेळा सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

ताई, म्हणजे त्या ड्रायव्हरची बायको, लेकीच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. "बोंजूर काका, या या," म्हणत त्यांनी दार उघडलं. काका आत आले पण बसले नाहीत. मांडीला मांडी लावून बसायची आपली लायकी नाही, असा काहीतरी त्यांचा हिशेब असावा. उभ्यानंच त्यांनी पाठ केलेलं म्हटलं, आणि शेवटी, "त्याची माफी आता कोणाले मागू? तूच ऐकून घे."

ताईंनी कागद घेतला, वाचला, उलटा करून बघितला. "उपास? कुणाचे?"

"तुझ्या नवऱ्याचे. एकादश्या, संकष्ट्या आणि गुरुवार."

"अहो काका, ह्यांनी जन्मात कधी उपास केला नाही."

काका माझ्याकडे बघायला लागले. आपल्या डोक्यानं घोटाळा केला की काय, ही भीती मला त्यांच्या डोळ्यांत दिसली. मी पटकन म्हणाले, "नाही काका, तुमच्या वहीत आहे लिहिलेलं. मी वाचलंय."

"मग मले काऊन सांगत होता, उपास आहे म्हणून?"

ताई खुर्चीत बसल्या. "तुम्ही उपासवाल्यांना फोन करायचात ना दुपारी? चक्कर येईल, डोळा लागेल म्हणून?"

हे फोन मलाही यायचे. चार वाजता, हँड्सफ्रीवर. मी खरंच उपास करतेय का हे म्हातारा तपासतोय, असं मी धरून चालले होते. "हो काका, आहे उपास, ठेवते," म्हणून दहा सेकंदांत तोडायचे.

"ह्यांची लाइन सस्कॅचवानची," ताई सांगत होत्या. "दिवस दिवस माणूस दिसायचा नाही. मी नर्सिंग होममध्ये कामावर, मला फोन घेता यायचा नाही. पोरगी बोलायची ती इंग्लिशमध्ये, दोन वाक्यं. एकदा तुमच्याशी बोलताना हे सहज म्हणून गेले, आज संकष्टी आहे. तर दुपारी तुमचा फोन आला आणि तुम्ही तासभर बोललात. नागपूरच्या उन्हाचं, काकूंचं, चंद्र कुठं उगवेल त्याचं. घरी आल्यावर मला म्हणाले, आता मी एकादशीपण धरतो. पुढं गुरुवारपण सांगायला लागले."

"पण मी कापत होतो त्याचे पैसे," काका म्हणाले.

"माहीत होतं की त्यांना. मी म्हटलंसुद्धा, अहो, ते काका टॅक्समध्ये कापून घेतात. तर म्हणाले, कापू दे. एवढ्या पैशांत असा फोन कुठं मिळतो?"

काका तेव्हा खाली बसले. ताईंनी डोळे पुसले, मीही पुसले. मग काकांनी घसा साफ केला आणि खिशातून पेन्सिल काढली.

"म्हणजे तो जेवत होता."

"पोटभर. फ्राइजवर चीज-ग्रेव्ही ओतलेलं ते पुटीन काय, बर्गर काय."

"तिन्ही वेळा?"

"चार वेळा."

"चौथं लागू नाही," काका म्हणाले आणि त्यांनी खूण केली. ताईंनी सही केली. आम्ही तिथं जेवलो. काकांनी दोनदा भात मागून घेतला.

परतीच्या वाटेवर किंग्स्टन लागलं. तिथं वॉशरूमसाठी थांबलो. परत गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाले, "म्हणजे त्याले माझा फोन आवडत होता."

"हो काका."

मी गाडी सुरू केली नाही. दोन दिवसांनी त्यांचं सामान जाणार होतं, आणि मी विनिपेगच्या फेरीवर असणार होते, निरोपालाही नसणार होते. मी म्हणाले, "काका, मीपण ह्या आठवड्यापासून गुरुवार धरलाय."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट बघितलं. त्या दिवशी दुपारी जे कळलं होतं ते त्यांच्या अजून लक्षात होतं, हे मला त्यांच्या ओठांवरच्या हसण्यावरून समजलं.

"गुरुवार," ते म्हणाले. पेन्सिल काढून त्यांनी ते तळहातावर लिहिलं. "चार वाजता."

गुरुवारी मी ड्रायडनच्या ट्रकस्टॉपला सूप, सँडविच आणि वर पायचा तुकडा असं पोटभर जेवले, चारला पाच कमी असताना ट्रकमध्ये येऊन बसले, आणि फोन हातात धरून वाट बघितली. चार वाजून दोन मिनिटांनी तो वाजला. "काय करून राहिली?" काकांनी लंडनहून विचारलं. "उपास आहे, काका," मी म्हणाले, आणि त्या दिवशी आम्ही तासभर बोललो.